हाताची कारागिरी आणि यंत्राचा सूर

गाढवी नदीवरील इटियाडोह धरणाच्या परिसरांत भाताची कापणी आटोपली, म्हणजे झाडीपट्टींतील गांवोगांवीं मंडई भरते, आणि मंडईच्या रात्रीं नाटक हें ठरलेलेंच असतें. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या चार जिल्ह्यांत पसरलेल्या ह्या पट्ट्यांत नाटकाचा खेळ रात्रीं सुरू होऊन पहांटेस संपतो, आणि त्यांतील संगीत वादक मंडळी तेथेंच बसून प्रत्यक्ष वाजवितात. ह्या वादकांच्या ताफ्याकडे बारकाईनें पाहिलें, तर एक लक्षणीय गोष्ट नजरेस येते. एका बाजूस तबला व ढोलकी असतात. लांकूड, कातडें, वादी आणि शाई यांपासून कुणा कारागिरानें हातानें घडविलेल्या. दुसऱ्या बाजूस विजेवर चालणारी स्वरपेटी व ऑक्टोपॅड असतो. हीं वाद्यें जपानी कारखान्यांनीं जगभर रूढ केलीं. त्या स्वरपेटीला तेथें ‘ऑर्गन’ असें म्हणतात. हें नांव जुन्या संगीत नाटकांतील पायपेटीवरून आलेलें आहे. पेटी बदलली, भाता जाऊन वीज आली, पण नांव मात्र टिकून राहिलें.

हाताचें वाद्य आणि यंत्राचें वाद्य एकाच सतरंजीवर शेजारीं शेजारीं बसलेलें पाहिलें, म्हणजे एक जुना वाद आठवल्यावांचून राहत नाहीं. हातानें घडविलेल्या वाद्यांत जीव असतो व यंत्रानें घडविलेलें वाद्य निर्जीव असतें, असें एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, हात थकतो, चुकतो, लहरीप्रमाणें चालतो. यंत्र मात्र हजाराव्या वस्तूलाहि पहिल्या वस्तूचेंच माप देतें. दोन्ही पक्षांचीं मतें ठाम आहेत. परंतु वाद्यनिर्मितीचा इतिहास चाळून पाहिला असतां तो कोणत्याहि एका पक्षाच्या बाजूनें पुरती साक्ष देत नाहीं. ह्यासाठीं दोन गांवांची हकीगत शेजारीं शेजारीं ठेवून पाहणें उपयुक्त ठरेल. एक गांव कृष्णाकांठच्या मुलखांतील मिरज, आणि दुसरें जपानांतील डोंगरांनीं वेढलेलें मात्सुमोतो.

मिरजेचें वाद्यकाम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झालें. तेथील शिकलगार घराणीं हीं मूळचीं हत्यारें घडविणारीं व त्यांना धार देणारीं. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली, इंग्रजी अंमल स्थिरावला, आणि तलवारीचें गिऱ्हाईक दिवसेंदिवस कमी होत गेलें. पोटाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हां फरीदसाहेब शिकलगार यांनीं तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे व पुढें निर्मितीकडे लक्ष वळविलें. मिरज संस्थानच्या पटवर्धन अधिपतींचा संगीताचा शोक ह्या कामीं त्यांच्या उपयोगीं पडला. पुढें हें घराणें ‘सतारमेकर’ ह्याच नांवानें ओळखलें जाऊं लागलें. आज जी कला परंपरागत म्हणून गौरविली जाते, तिचा आरंभ असा एका बुडत्या धंद्यानें नवा धंदा शिकून घेण्यांत झालेला आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

तंबोऱ्याचा जन्म कारखान्यांत होत नाहीं. तो शेतांत होतो. पंढरपूर व मंगळवेढें ह्या भागांत वाद्याला लागणाऱ्या मोठ्या भोपळ्यांची लागवड होते. भोपळा पुरता पिकला व वाळला, म्हणजे कारागीर त्याचा घेर, जाडी व डौल पाहून निवड करतो. मग तो पाण्यांत भिजवून मऊ करावयाचा, तोंड कापून आंतील गर व बिया काढावयाच्या, आंतून काड्यांचे टेकू देऊन त्याला हवा तो आकार द्यावयाचा, आणि पुन्हां सावकाश वाळवावयाचा. तूण नांवाच्या हलक्या, तांबूस लांकडाचा गळा, पोकळ दांडी आणि तबली त्यास बसवितात. दोन भोपळे कधींहि एकसारखे नसतात. म्हणून एका वाद्याचा गळा दुसऱ्याला जसाच्या तसा चालत नाहीं. येथें माप आधीं ठरत नाहीं. भोपळा ज्या मापाचा निघेल, त्या मापाला लांकूड जुळवून घ्यावें लागतें. मिरजेचें काम हाताचें राहिलें, त्याचें पहिलें कारण कारागिराची निष्ठा हें नसून भोपळ्याचा हा स्वभाव आहे.

दुसरें कारण ह्याहून सूक्ष्म आहे. तंबोरा सांधून, कोरून, लाखेची झिलई देऊन पुरा झाला, तरी तो अद्याप मुकाच असतो. त्याला वाचा येते ती जवारीनें. ज्या घोडीवरून तारा जातात, त्या घोडीचा माथा कानशीनें व काचकागदानें इतका मंद उतरता करावयाचा असतो कीं, कंप पावणारी तार त्या उतारावर टेकत व सुटत राहावी. मग तार आणि घोडी यांच्यामध्यें सुताचा दोरा घालून तो केसभर पुढें-मागें सरकवीत गेलें, म्हणजे एका विशिष्ट ठिकाणीं नाद एकदम उमलतो. मिरजेस स्थायिक झालेले खांसाहेब अब्दुल करीम खां, जे १९३७ मध्यें निवर्तले, तंबोऱ्याच्या ह्या जुळणीविषयीं अत्यंत काटेकोर होते, आणि वाद्यें स्वतः दुरुस्त करण्याचा त्यांचा हातखंडा होता. गवयाची ती काटेकोर मागणी आणि कारागिराचा हात ह्या दोहोंच्या शेजारामुळें मिरजेच्या तंबोऱ्याला नांव मिळालें.

ह्या जवारीचें शास्त्रहि पुढें उलगडलें. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा कंप शून्य असावयाचा, ते उपस्वर ऐकूं येऊं नयेत, असा पाश्चात्य भौतिकशास्त्रांतील मान्य नियम होता. १९२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं असें दाखविलें कीं, तंबोरा व वीणा ह्या वाद्यांत ते उपस्वर स्पष्ट ऐकूं येतात, आणि ह्याचें कारण त्यांच्या घोडीची विशिष्ट घडण हें आहे. शास्त्रज्ञाला जें समजावून देण्यासाठीं निबंध लिहावा लागला, तें कारागिराच्या बोटांना व कानांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत होतें. तथापि त्याला तें माहीत होतें म्हणजे त्याला तें सांगतां येत होतें, असें नव्हे. आणि जें सांगतां येत नाहीं, तें यंत्रालाहि सांगतां येत नाहीं. हातकामाचें बळ ह्यांतच आहे, आणि त्याची दुर्बलताहि ह्यांतच आहे. सांगतां न येणारी विद्या शिकविण्यास वर्षें लागतात, आणि शिकणारा मिळाला नाहीं तर ती एका पिढींत नाहींशी होते.

इतकें असूनहि मिरजेचा तंबोरा निव्वळ हाताचा आहे असें म्हणणें सत्याला धरून होणार नाहीं. त्याच्या तारा यंत्रावर ओढलेल्या असतात, व पुष्कळ वर्षें उत्तम तारा जर्मनीसारख्या परदेशांतून येत असत. भोंकें पाडावयास आतां विजेचें गिरमिट आहे, घांसकामास विजेचीं चाकें आहेत. एखाद्या कारागिरानें हातानें फिरवावयाचें गिरमिट सोडून विजेचें घेतलें, म्हणून त्याच्या वाद्याचा जीव गेला असें कोणी म्हणत नाहीं. मग जीव नक्की कोठें असतो, हा प्रश्न उरतोच. त्याचें उत्तर शोधावयास जपानकडे वळलें पाहिजे.

जपानांतील कथेचा आरंभ मिरजेच्या कथेशीं विलक्षण जुळतो. १८६८ च्या राज्यक्रांतीनंतर सामुराई योद्ध्यांची मिरास संपुष्टांत आली. नागोया येथील मासाकिचि सुझुकी हा अशाच एका हलक्या दर्जाच्या सामुराई घराण्यांतला. घरांत शामिसेन नांवाचें तिनतारी वाद्य बनविण्याचा जोडधंदा होता. त्यानें पाश्चात्य व्हायोलिन पाहिलें, त्याची नक्कल केली, आणि पुढें व्हायोलिनचे भाग कोरणारीं यंत्रें योजून हा धंदा कारखान्याच्या पायरीवर नेला. १८८७ मध्यें हामामात्सु येथील एका शाळेची विदेशी पायपेटी बिघडली. ती दुरुस्त करतां करतां तोराकुसु यामाहा यानें तशीच दुसरी पेटी बनविली. ती काठीला टांगून, खांद्यावर घेऊन, डोंगर ओलांडून तोक्योच्या संगीतविद्यालयांत तपासणीसाठीं नेण्यांत आली. तेथील परीक्षकांनीं सांगितलें कीं, घडण चांगली आहे, स्वर मात्र बरोबर नाहींत. तेव्हां यामाहा तेथेंच राहून स्वरशास्त्र शिकला, आणि मग परत जाऊन त्यानें नवी पेटी केली. १८९७ मध्यें स्थापन झालेली त्याची कंपनी पुढें जगांतील अग्रगण्य वाद्यनिर्मात्यांत गणली गेली. पहिल्या पेटींतली उणीव लांकूडकामांतली नव्हती, ती कानाची होती. यंत्रें आणण्यापूर्वीं त्यानें कान तयार केला, हें ह्या कथेंतील खरें मर्म आहे.

विजेची गिटार हें मात्र मुळांतच यंत्रयुगाचें अपत्य आहे. तिला भोपळ्यासारखें पोकळ पोट नसतें. लांकडाच्या भरीव फळीवर तारा ताणलेल्या असतात, व त्यांचा कंप चुंबकाभोंवतीं गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्यांत विद्युत्प्रवाह उत्पन्न करतो. अमेरिकेंत रेडिओ-दुरुस्तीचें दुकान चालविणाऱ्या लिओ फेंडर यानें १९५० मध्यें अशी गिटार बाजारांत आणली. तिची मान पोटाला सरसानें न चिकटवितां स्क्रूनें जोडलेली होती. भाग निरनिराळे करावे, एकत्र जोडावे, आणि बिघडला तो बदलावा, असा त्यांतील हिशेब होता. तेव्हां अमेरिकन गिटार हातची आणि जपानी गिटार यंत्राची, असा जो भेद पुढें सर्रास बोलला गेला, तो उगमापाशींच खोटा ठरतो.

मात्सुमोतो येथें १९६० मध्यें फुजिगेन नांवाची गिटार बनविणारी कंपनी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकीं युइचिरो योकोउचि हे मूळचे शेतकरी होते. त्याच गांवांतील मात्सुमोकु ही दुसरी कंपनी पूर्वीं शिवणयंत्रांच्या लांकडी पेट्या करीत असे. म्हणजे येथेंहि तलवारीवरून सतारीकडे वळल्यासारखाच प्रकार घडला. आरंभींचा माल हलका होता. सत्तरीच्या दशकांत मात्र ह्या कारखान्यांनीं अमेरिकेंतील नामांकित गिटारींच्या इतक्या हुबेहूब नकला बनविल्या कीं, १९७७ मध्यें गिब्सन कंपनीच्या मालकांनीं, आयबानेझ ह्या नांवाखालीं विकल्या जाणाऱ्या जपानी गिटारींच्या अमेरिकन वितरकावर गिटारीच्या शिराच्या आकारावरून दावा लावला. तो पुढें आपसांत मिटला. परंतु नकलेचा मार्ग बंद होतांच जपानी निर्मात्यांनीं स्वतःच्या रचनांवर भर दिला. आणि १९८२ मध्यें खुद्द फेंडर कंपनीनेंच जपानी भागीदारांसह ‘फेंडर जपान’ स्थापून आपल्या गिटारी फुजिगेनकडून बनवून घ्यावयास सुरुवात केली. ज्याची नक्कल होत होती, तोच नक्कल करणाराच्या दारीं आला.

हें कसें घडलें, ह्याचा विचार केला पाहिजे. १९६५ मध्यें फेंडर कंपनी एका मोठ्या रेडिओ-कंपनीनें विकत घेतली, आणि १९६९ मध्यें गिब्सनचीहि मालकी बदलली. त्यानंतरच्या काळांत वाजविणारांची अशी तक्रार वाढली कीं, जोड सैल असतात, वजन भारी असतें, पूर्वींची सफाई उरली नाहीं. कमी झाली ती निगा. उलट मात्सुमोतोस गिटारीचें पोट कापण्यास व खोदण्यास यंत्रें होतीं, परंतु मानेची शेवटची गोलाई, पडदे घांसून एका पातळींत आणणें, तारगहनाच्या खांचा नेमक्या खोलीच्या करणें, आणि तार लावून वाद्य वाजवून पाहणें, हीं कामें सरावलेल्या हातांकडे व कानांकडे राहिलीं. पडदा केसभर उंच राहिला तर तार खरखरते, केसभर खालीं गेला तर सूर दबतो. मिरजेंत घोडीवर जें चालतें, तेंच येथें पडद्यावर चाललेलें दिसतें.

दोन्ही गांवांचें तात्पर्य येथें एकत्र येतें. माप यंत्राला देतां येतें, निवाडा देतां येत नाहीं. लांकूड किती रुंद कापावें हें माप झालें. तें कापल्यावर बरें वाजतें कीं नाहीं हा निवाडा झाला. वाद्याचा जीव म्हणून ज्याला म्हणतात, तो ह्या निवाड्यांत असतो. ज्या हातकामांत निवाडा नाहीं, तें हाताचें असूनहि निर्जीव होतें. घाईनें जवारी उरकलेला तंबोरा ह्याची साक्ष देईल. आणि ज्या कारखान्यांत निवाडा करणाराला मान व वेतन आहे, तेथें यंत्रांतून निघालेलें वाद्यहि बोलूं लागतें. ‘हस्तनिर्मित’ हा शब्द विक्रेत्याच्या जाहिरातींत शोभून दिसतो खरा, पण त्यावरून कामाची परीक्षा होत नाहीं. कोणत्या टप्प्यावर कोणी ऐकलें, आणि वाईट ठरलेलें वाद्य परत फिरविण्याचा अधिकार त्याला होता कीं नाहीं, हाच खरा प्रश्न आहे.

ह्या दृष्टीनें पाहतां मिरजेपुढील संकट यंत्रामुळें आलें असें म्हणणें अर्धसत्य ठरेल. १९७९ मध्यें बंगळूरच्या जी. राज नारायण यांनीं विजेचा तंबोरा काढला. तो पिशवींत मावतो, प्रवासांत फुटत नाहीं, हवा पालटली तरी उतरत नाहीं, आणि त्याला छेडणारा मनुष्य लागत नाहीं. एकट्यानें रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा किती आधार झाला, हें सांगावयास नको. आतां तर तोच नाद खिशांतल्या फोनमधून निघतो. अशा वेळीं नव्या साधनाला नांवें ठेवण्यापूर्वीं बाजाच्या पेटीचा इतिहास आठवावा. ती फ्रान्सांतून आली. १९४० मध्यें तिला आकाशवाणीवर बंदी झाली, कारण तिच्या ठराविक स्वरांतून मींड निघत नाहीं असा आक्षेप होता. ती बंदी १९७१ पर्यंत सरसकट चालली. इतक्या अवधींत पेटी गांवोगांवच्या भजनांत, कीर्तनांत व नाटकांत इतकी मुरली कीं, ती परकी होती हें सांगितलें तरी कोणास खरें वाटूं नये. झाडीपट्टींतील ऑर्गनहि त्याच वाटेनें आला आहे. ज्या मंडळीला दहा वादक पोसणें परवडलें नसतें, तिला एका पेटीनें दहा वाद्यांचा आवाज दिला. गरिबाच्या रंगभूमीवर हा कांहीं लहान उपकार नव्हे.

परंतु उपकाराचा हिशेब पुरा मांडावयाचा, तर त्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ऑक्टोपॅडांत ढोलकीचा जो नाद साठविलेला असतो, तो यंत्रानें शून्यांतून निर्माण केलेला नसतो. तो कुणा तरी कारागिरानें कातडें मढवून शाई चढविलेल्या ढोलकीवर, कुणा तरी वादकाच्या थापेनें उमटलेला असतो. फोनमधील तंबोऱ्याच्या पोटांतहि कुणाची तरी जवारी दडलेली आहे. यंत्र नाद सांठवितें, वाटतें, दूरवर पोंचवितें. पण त्याची मूळ पुंजी हाताची असते. ती पुंजी पुन्हां भरण्याची सोय राहिली नाहीं, तर पुढील पिढी जुन्याच नादाच्या प्रतीवरून प्रति काढीत बसेल, आणि मूळ कसें होतें हें विचारावयास कोणी उरणार नाहीं.

२०२४ मध्यें मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. त्यामुळें इतरत्र बनलेला माल मिरजेच्या नांवावर खपविण्यास आळा बसेल, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र मानांकन गांवाच्या नांवाचें रक्षण करतें. जवारी लावणाऱ्या हाताला पोटभर मोल देण्याची शक्ति त्यांत नाहीं. तें मोल द्यावयाचें तें वाद्य घेणारानें, संगीतविद्यालयांनीं आणि सभा भरविणाऱ्या संस्थांनीं. मात्सुमोतोच्या कारखान्यांत निवाड्याला मोल मिळालें, म्हणून तेथें तो टिकला. मिरजेंत ज्या घरांतला मुलगा पित्याशेजारीं बसून घोडी घांसावयाची कीं दुसरी नोकरी धरावयाची ह्या विचारांत आहे, त्याला परंपरेचा उपदेश करून भागणार नाहीं. बुडत्या तलवारीचा धंदा सोडून त्याच्या पूर्वजांनीं सतार धरली ती पोटासाठींच. तोहि पोटाचाच हिशेब करील, आणि त्यांत त्याला दोष देतां येणार नाहीं.

इटियाडोहच्या मुलखांत हाताचें आणि यंत्राचें काम शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतें. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधविला म्हणून सांगतात तो नवेगांवचा तलाव माणसांनीं टोपल्यांनीं माती वाहून उभा केला. इटियाडोहचें धरण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील आधुनिक स्थापत्यानें बांधलें. तेथील शेतकरी बांध कोणी घातला ह्यावरून पाण्याची पारख करीत नाहीं. पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोंचतें कीं नाहीं, एवढेंच पाहतो. त्याचबरोबर त्याला हेंहि पक्कें ठाऊक असतें कीं, धरण पाणी अडवितें, निर्माण करीत नाहीं. वरून नदी वाहती राहिली, तरच कालव्याला अर्थ आहे. वाद्यांच्या बाबतींत ती नदी म्हणजे कारागिराचा हात व त्याचा कान होय.